पिकातून गेलेली वाट

इंग्लंडहून परत आल्यावर रत्नागिरीत मांडवीच्या समुद्रावर संध्याकाळी बसणाऱ्या आमच्या पेन्शनर मंडळींनी मला घेरलं. राणीचा वाडा पाहिलास का, नदीवरचा पूल उघडताना पाहिलास का, तिकडची दुकानं कशी असतात? मी म्हटलं, "मी एक जवाचं शेत पाहिलं." मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. जन्मभर दिवाणी कोर्टात कारकुनी करून माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, अशी शंका त्यांना आधीपासून होतीच. ती त्या संध्याकाळी पक्की झाली.

पण खोटं कशाला सांगू? राणीचा वाडा मी बाहेरून पाहिला आणि विसरलो. मला जे धक्के बसले ते त्या शेतात आणि त्याच्या आसपास. ज्यांचं तिकडे जाणं झालेलं नाही त्यांच्यासाठी ते लिहितो आहे. ज्यांना वाडाच हवा असेल त्यांनी कॅलेंडरावरचा बघावा.

विक्सबी

आमचा मुलगा अविनाश तिकडे शेतीची यंत्रं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्यानं आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि कुसुमला, बोलावून घेतलं. त्याचं गाव विक्सबी. लिंकनशर परगण्यात लुटुपुटूच्या टेकड्या आहेत, त्यांच्या कुशीतलं. "इकडे इंग्रजसुद्धा फिरायला येत नाहीत हं," असं त्यानं विमानतळावरच सांगून टाकलं. त्यांची फिरणारी माणसं म्हणे पश्चिमेकडच्या डोंगरांत आणि तळ्यांकाठी जातात. इकडे बघायचं काय, तर पीक, आभाळ आणि मेंढ्या.

अवि सकाळी गाडी घेऊन कामाला जायचा. एस.टी.सारखी एक बस होती, पण ती मनात आलं की यायची. म्हणून आम्ही चालायला लागलो. अविनं एक नकाशा दिला. त्यावर शेतांमधून बारीक तुटक रेघा काढलेल्या होत्या. "या सगळ्या पायवाटा. कुठूनही जा, कोणी अडवणार नाही," तो म्हणाला.

पहिल्याच सकाळी आम्ही एका पाटीच्या मागे लागलो आणि ती वाट सरळ एका घराच्या अंगणात शिरली. दोरीवर कपडे वाळत होते, कुत्रा पसरला होता आणि एक बाई पायरीवर वाटाणे सोलत बसली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती "गुड मॉर्निंग" म्हणाली आणि खुराड्याच्या कुठल्या बाजूनं जायचं ते तिनं वाटाण्याच्या शेंगेनं दाखवलं.

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अहो, आमच्या कोर्टात हातभर रुंदीच्या वाटेचे दावे आजोबानं लावायचे आणि निकाल नातवानं ऐकायचा. मी कुंपणाच्या गडग्यातल्या एका चिऱ्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबलेले पाहिलेत. आणि इथे सगळ्या जगाची वाट बाईच्या ओल्या कपड्यांखालून जात होती!

"अहो, आपण हिच्या परसातून चाललो आणि ही हसत्येय?" कुसुम पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती. तिचं माहेर सावर्ड्याजवळ, शेतकऱ्याचं घर. "माझा चुलता असता तर कोयती घेऊन धावला असता."

पुढे ओढ्याकाठी तिनं पातळ सावरायला बाजूच्या झुडपाचा आधार घेतला आणि किंचाळलीच. खाजकुयलीचा धाकटा भाऊ म्हणावा असं एक पान तिकडे असतं. हाताला आग आग सुटली. मी नुसता "थांब थांब" करत होतो. तेवढ्यात मागून एक वाळकी, ताठ म्हातारी आली. तिनं न विचारता कुसुमचा हात धरला, बाजूचं एक रुंद पान चुरगळून त्यावर चोळलं आणि आग थांबली. या मिसेस वॉर्डल. अविच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायच्या. वय ऐंशीच्या पुढचं. कुसुमनं त्यांना तिथल्या तिथे "मावशी" करून टाकलं आणि शेवटपर्यंत त्या दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या. दोघींचं काही अडलं नाही.

मावशींचं स्वयंपाकघर

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाला बोलावलं. चहा दुधाळ आणि सोबतचा केक असा की रत्नागिरीच्या जांभ्या दगडाची आठवण व्हावी. कुसुमनं बदल्यात आंबापोळी नेली होती. मावशींनी ती उजेडात धरून पाहिली. बुटाच्या तळव्याला लावायचं कातडं असावं असं त्यांना आधी वाटलं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. मग एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

डोळे उघडल्यावर त्यांनी खिडकीतून समोरची टेकडी दाखवली. पलीकडे एक देऊळ आहे, म्हणाल्या. देऊळ म्हणजे अर्थात चर्च. त्याच्याभोवती पूर्वी गाव होतं, ते केव्हाच मोडलं. आता चारी बाजूंना शेतं आणि मधे एकटं देऊळ. त्या तिथून लग्न होऊन चालत या घरी आल्या, टेकडीवरच्या पायवाटेनं. त्यांचे यजमान गावचे सुतार. ते गेले तेव्हा गावातल्या सहा जणांनी त्यांना खांद्यावरून त्याच वाटेनं नेलं.

"मलाही तसंच जायचंय," त्या म्हणाल्या. साखर हवी का विचारावं तशा आवाजात.

अडचण अशी होती की टेकडीवरचं शेत गेल्या वर्षी विकलं गेलं. नव्या मालकानं, मिस्टर प्रॉक्टर त्याचं नाव, वाटेवर नांगर फिरवला, जव पेरलं आणि दोन्ही टोकांना काटेरी तार मारली. हमरस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, शिवाय मेलेल्या माणसाला काळ्या मोटारीत घालून न्यायचं. मावशींना ती मोटार नको होती.

"गावातले लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"सगळ्यांना फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "मग ते हवेबद्दल बोलायला लागतात."

हा माझा पुढचा धक्का. या लोकांनी दीडशे वर्षं आमच्यावर राज्य केलं आणि यांना शेजाऱ्याला 'तार काढ' म्हणायची भीती वाटते? आमच्याकडे आख्खी भावकी पंचा कमरेला बांधून बांधावर उभी राहिली असती. निकाल लागला नसता ती गोष्ट वेगळी.

मावशींचं म्हणणं एवढंच होतं, की जिच्यावरून कोणी चालत नाही ती वाट मरते. त्यांना एकदा ती चालायची होती, लोकांच्या देखत. पण तार ओलांडायला दोन हात हवे होते, आणि गावातले हात सगळे खिशात होते.

मला त्यांचा रोख कळला आणि माझी पाचावर धारण बसली. परका मुलूख, परका कायदा. उद्या पोलीस आले तर? अविच्या नोकरीवर आलं तर? मी घसा खाकरून सभ्य नकाराची इंग्रजी जुळवायला लागलो.

"काय म्हणतायत त्या?" कुसुमनं विचारलं. मी थोडक्यात सांगितलं.

तिनं कप खाली ठेवला. "मसणात जायची वाट अडवली मेल्यानं?" ती म्हणाली. "सांगा त्यांना, उद्या सकाळी येतो म्हणून."

तार

सकाळी आम्ही तिघं निघालो. मावशींनी डोक्यावर हॅट घातली होती, हातात काठी. कुसुमनं लुगड्याखाली अविचे रबरी बूट चढवले होते. ते तिला इतके मोठे होते की प्रत्येक पावलाला फटक फटक वाजत. गावातून जाताना खिडक्यांचे पडदे बोटभर सरकत होते आणि पुन्हा जागेवर येत होते. पोस्टातली बाई दारात होती. तिनं आज ऊन पडेल असं सांगितलं.

तारेशी पोचलो. मी खालची तार पायानं दाबली, वरची छत्रीच्या दांड्यानं उचलली. मावशी त्यातून अशा गेल्या की जणू जन्मभर हेच करत आल्यात. कुसुमचा पदर अडकला आणि चरचर फाटला. मला वाटलं आता ही परत फिरेल. तिनं फाटका पदर कमरेला खोचला.

समोर टेकडीभर जव उभं होतं. पिकायला आलेलं, कुसळांवर ऊन पडून सोन्यासारखं. वाऱ्यानं सगळं शेत एका दिशेला कलायचं आणि सावकाश उभं राहायचं. वाट कुठेच दिसत नव्हती. दूर टेकडीच्या पाठीवर देवळाचा नुसता मनोरा दिसत होता. मावशींनी काठीनं त्या मनोऱ्याची नेम धरल्यासारखी सरळ दिशा दाखवली आणि पिकात शिरल्या.

कुसुम जागची हलली नाही.

"अहो, ही चालली कुठे? उभ्या पिकात?"

"वाट तिथूनच आहे म्हणते."

"असेल. मी नाय पाय टाकणार." तिचा चेहरा खरोखर पांढरा पडला होता. "दाणा भरलाय तो. पायताण घालून? आमच्याकडे खळ्यात कोण चप्पल घेऊन जात नाय, आणि इथे उभ्या पिकात बूट?"

खोटं नाही, मलाही ते जमेना. पान वाढून झाल्यावर त्यात पाय ठेवायला सांगावं तसं वाटलं. शेवटी आम्ही आपल्याला कळतं ते केलं. शेताच्या कडेनं, बांधालगत, पीक संपतं तिथून चालायला लागलो. कुसुमनं शेताचा मान म्हणून बूटही काढले आणि हातात घेतले. मी माझेही काढले. तिकडचा बांध गाडी जाईल एवढा रुंद. त्यावर काटेरी गवत होतं, ते पायांना टोचत होतं, पण मनाला बरं वाटत होतं. पलीकडे मावशींची हॅट पिकावर तरंगत पुढे चालली होती.

बांध

अर्ध्या वाटेवर गुरगुर ऐकू आली आणि बांधावरून एक जीप आमच्या अंगावर आली. आतून एक लालबुंद माणूस उतरला. हाच प्रॉक्टर. काखेत बंदूक होती. कावळ्यांसाठी असते ती, हे नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त बंदूक दिसली.

त्यानं आधी कुसुमकडे पाहिलं. फाटलेला पदर, अनवाणी पाय, दोन्ही हातांत एकेक रबरी बूट.

"या बाईंचं काही हरवलंय का?" त्यानं मला विचारलं.

"नाही, सर. सॉरी, सर," मी म्हटलं. "आम्ही देवळाकडे चाललोय. आमच्याकडे धान्यावर पाय देत नाहीत. म्हणून कडेनं चाललोय. आम्ही एक कणीसही मोडलेलं नाही, सर." मी त्याला पायसुद्धा दाखवले, स्वच्छ आहेत म्हणून.

तो चक्रावला होता. पण माणूस चक्रावला की जास्त चिडतो. "हे पाहा," तो म्हणाला, "हा बांध माझा खासगी आहे. इथून चालायचा तुम्हाला काही हक्क नाही. वाट इथून नाहीच. वाट तिथे आहे, मधून, त्या झाडापासून मनोऱ्यापर्यंत सरळ..." त्यानं बोट दाखवलं.

बोट दाखवलं तिकडे मावशी उभ्या होत्या. हॅट काढून, छातीभर पिकात, त्याच सरळ रेषेत. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे होता.

"थँक्यू, मिस्टर प्रॉक्टर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक असेल अशी माझी खात्री होतीच."

प्रॉक्टरचं बोट हवेत राहिलं. मग ते हळूहळू खाली आलं. तोवर त्यानं गावात सगळ्यांना सांगितलं होतं की शेतात वाट नव्हतीच कधी. आणि माझं काय? उभा जन्म वहिवाटीच्या दाव्यांच्या फायली बांधल्या, अशा एका वाक्यावर दावे फिरलेले पाहिले, आणि ते वाक्य कानाशी बोललं गेलं तेव्हा मी माणसाला पायाचे तळवे दाखवत होतो. मावशी बोलेपर्यंत माझ्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही.

आता आरडाओरडा होणार म्हणून मी कुसुमला मागे ओढलं. पण कोणीच ओरडलं नाही. प्रॉक्टर जीपला टेकून थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला. "मला वाटलं, आता कोणी चालत नसेल," तो पुटपुटला. मला इतकी शांतता सहन होईना. आमच्याकडे एव्हाना दोन पिढ्यांचं उणंदुणं निघालं असतं.

"तुम्हीही या," मावशी आम्हाला म्हणाल्या. "तुम्ही चालल्याशिवाय ती वाट कशी होईल?"

मी कुसुमला समजावून सांगितलं. तिनं त्या हॅट काढलेल्या म्हातारीकडे पाहिलं. मग तिनं बूट माझ्या हातात दिले, पिकाच्या कडेशी वाकली, एका कणसाला हात लावून तो कपाळाला लावला आणि अनवाणी आत शिरली. मधोमध जाईपर्यंत ती चार पावलं टाकायची, वाकायची, कणसाला हात लावायची, कपाळाला लावायची. मी तिच्या मागून, दोन जोड बूट घेऊन. पायाखाली जव मोडल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला माझ्या अंगावर काटा येत होता. पुढे मावशी काठीनं कणसं बाजूला सारत चालल्या होत्या.

शेताच्या टोकाला दुसरी तार होती. आम्ही पोचायच्या आधी प्रॉक्टर जीपमधून वळसा घालून तिथे येऊन उभा होता. त्यानं बंदूक जीपमध्ये ठेवली होती. त्यानं तार बुटाखाली दाबून धरली. मावशी गेल्या, कुसुम गेली, मी गेलो. "खाली चर आहे, जपून," एवढंच तो म्हणाला.

देऊळ

चारी बाजूंना शेतं आणि मधे ते इवलं दगडी देऊळ. दाराला कुलूप नाही, आत पितळेचे दिवे, माणूस एक नाही. मी म्हटलं, आपल्याकडे घंटासुद्धा राहिली नसती. आत गेलो तर फरशीवर मेलेल्या माणसांची नावं कोरलेली, आणि लोक त्यावरून चालून चालून अक्षरं पुसट झालेली. कुसुम भिंतीला धरून कडेकडेनं चालली. इथे माणसांच्या नावांवर पाय देतात आणि आम्ही धान्यावर द्यायला घाबरतो, याचा मला अजून नीट उलगडा झालेला नाही.

मावशी बाहेर यजमानांच्या दगडापाशी होत्या. साधा करडा दगड. वर यजमानांचं नाव, जन्म आणि मरणाचं वर्ष. मी खाली वाचत गेलो आणि थबकलो. खाली लिहिलं होतं: 'आणि त्याची पत्नी ईडिथ.' जन्माचं वर्ष. पुढे एक आडवी रेघ. रेघेपुढे कोरा दगड.

"कुणाचं नाव?" कुसुमनं विचारलं. मी बोटानं मावशींकडे खूण केली. तिचे डोळे विस्फारले. "शिव शिव! जित्या बाईचं?"

मावशींना भाषा कळली नाही, चेहरा कळला. त्या हसल्या. "तेव्हाच कोरून घेतलं. फक्त शेवटचं वर्ष घालायचं राहिलंय." आणि दगडाच्या त्या कोऱ्या भागावरून त्यांनी हात फिरवला. मग खिशातून उरलेली आंबापोळी काढली, तिचे तीन तुकडे केले आणि आम्ही तिघांनी तिथेच बसून खाल्ली. कुसुमनं मावशींच्या पायमोज्यात घुसलेली कुसळं एकेक करून काढली.

परत फिरलो तेव्हा तार गुंडाळून खांबाला बांधलेली होती.

मांडवी

आम्ही गणपतीच्या आधी घरी आलो. गावातली माणसं त्यानंतर त्या वाटेनं जायला लागली, असं अवि सांगायचा. आधी पोस्टातली बाई गेली, मग बाकीचे. ज्यांच्या खिडक्यांचे पडदे बोटभर सरकले होते तेच. प्रॉक्टरनं शरद ऋतूत पुन्हा आख्ख्या शेतात जव पेरलं, वाटेवरसुद्धा. मला ऐकून संताप आला. पण तार त्यानं पुन्हा मारली नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी शेजारच्या पाटणकरांकडे आमचा फोन आला. आम्ही दोघं धावत गेलो. अविचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. मिसेस वॉर्डल गेल्या, तो म्हणाला. झोपेत. काल पोचवून आलो.

कुसुमनं माझ्या हातातून फोन घेतला.

"कुठून नेलं रे?" तिनं विचारलं. लांबच्या फोनला लागतं त्याहूनही मोठ्यानं.

टेकडीवरून, अवि सांगत होता, खांद्यावरून. सगळं गाव होतं, आई. मीही एका बाजूला होतो. आणि पुढच्या बाजूला प्रॉक्टर. तो स्वतः येऊन उभा राहिला, कोणी बोलावलं नव्हतं.

"शेतात पीक होतं?"

"हो. नुकतं उगवलेलं, बोटभर."

"मग? कडेनं गेलात?"

"नाही, आई. मधोमध."

"तुडवत?"

"तुडवत."

"बरं केलंत," कुसुम म्हणाली. मग फोन माझ्याकडे देऊन ती पाटणकरांच्या शेणानं सारवलेल्या पडवीत खाली वाकली, जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.